नाव रुस्तम, वजन पंधरा किलो

"काका, हार जुन्या सायकलीला घाला. नवीला नंतर. आणि जरा हसा की, लग्नकार्य आहे समजा!"

हे आमचे मार्केटिंग हेड, कपिल सर. जागा औरंगपुऱ्यातलं आमच्या कंपनीचं नवं शोरूम. हार घेऊन उभे होते लिंबाजी काका. डोक्याला पटका, पायात जाड वहाणा, वय साठीच्या पुढं. बिडकीनच्या पलीकडं एका वस्तीवर त्यांचं घर. आधी मेंढरं होती, आता थोडी शेती आणि दोन म्हशी. शेजारी खुर्चीत त्यांची बायको गयाबाई. अर्धांगवायूच्या झटक्यानं तिची डावी बाजू लुळी पडलेली.

मी कोपऱ्यात पान्यांची पेटी घेऊन उभी होते. मी कंपनीच्या टेस्ट लॅबमध्ये इंजिनिअर आहे. आमचं काम सायकली मोडणं. गिऱ्हाइकाच्या हातात मोडण्याआधी आम्ही लॅबमध्ये मोडून बघतो, म्हणजे कुठं मोडते ते कळतं. त्या दिवशी मला बोलावलं होतं ते फक्त नट-बोल्ट आवळायला. लाँचच्या वेळी काही सैल निघालं तर बरं दिसत नाही.

लाँच होतं 'रुस्तम'चं. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना हे नाव वेगळं सांगायला नको. काळी, जाडजूड, लोखंडी सायकल. दुधाचे कॅन, कडब्याची पेंढी, आजारी म्हातारी, सगळं याच सायकलीवरून जायचं. लिंबाजी काकांनी त्यांची रुस्तम दोन बोकड विकून घेतली होती. गयाबाई तेव्हापासून तिच्यावर बसत आलेली. आता तर आठवड्यातून दोनदा काका तिला मागं बसवून बिडकीनला दवाखान्यात व्यायामाला न्यायचे. वस्तीपर्यंत रिक्षा येत नाही. खच्चून भरलेल्या जीपमध्ये तिला चढता येत नाही. सायकलीच्या कॅरियरवर मात्र ती नीट बसते. काका बहुतेक वाट सायकल हातात धरून चालतात. त्या व्यायामानं तिच्या डाव्या हातात नुकताच जीव येऊ लागला होता. कप धरता येत होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता खंड पडला तर हात पुन्हा आखडेल.

कपिल सरांना हे सगळं फार आवडलं होतं. जुन्या रुस्तमचा मालक, मागं त्याची बायको, अख्खा संसार एका सायकलीवर! त्यांनी काकांना गाठून सांगितलं, जुनी रुस्तम आम्हाला द्या, आम्ही नवी रुस्तम फुकट देतो. काकांनी एकच प्रश्न विचारला होता, "रुस्तमच ना?" कपिल सर म्हणाले होते, "रुस्तमच!"

आता ही नवी रुस्तम काय चीज आहे, ते सांगते. जुनी रुस्तम जिथं बनायची तो कारखाना बंद पडून कैक वर्षं झाली. आमच्या कंपनीनं त्या कारखान्याची जमीन घेतली नाही. मशिनरी घेतली नाही. ड्रॉइंग घेतली नाहीत. कामगार तर नाहीच नाही. फक्त नाव विकत घेतलं. कायद्यानं ते चोख आहे. मग आमचं एक मॉडेल आधीपासून बाजारात होतं, कॉलेजच्या मुलांसाठी बनवलेलं. त्याला काळा मॅट रंग दिला. चामड्यासारखी दिसणारी सीट लावली. चेनकव्हरवर जुन्या वळणाच्या अक्षरांत 'रुस्तम' लिहिलं. फ्रेम तीच, चाकं तीच, पातळ नळ्या त्याच. झाली रुस्तम!

या सायकलीच्या कॅरियरची मर्यादा पंधरा किलो आहे. मीच टेस्ट केलीय. दप्तर, डबा, रेनकोट, बस. तसं स्टिकरही आहे. इंग्रजीत, कॅरियरच्या खालच्या बाजूला. वाचायचं तर सायकल उलटी करायला लागते.

हार घालून झाले, नारळ फुटला. कपिल सर म्हणाले, "काकू, आता नव्या रुस्तमवर बसा. एक फोटो होऊन जाऊ दे."

मी पुढं झाले. "सर, त्या कॅरियरवर माणूस चालत नाही."

"अगं, फोटोपुरतं."

काकांनी गयाबाईला उचलून बसवलं. कॅरियर कुरकुरलं आणि एका बाजूला कललं. फोटो निघाला. काकांनी मात्र कॅरियर हातानं हलवून पाहिलं. मग वाकून खालून पाहिलं. मला वाटलं, आता ते नको म्हणतील. सुटलो.

ते माझ्याकडं आले. "बाई, पाना द्या."

त्यांनी माझ्या पेटीतला पाना घेतला, सरळ जुन्या सायकलीपाशी बसले आणि तिचं कॅरियर सोडवायला लागले.

"काका, काय करताय?" कपिल सर गडबडले. "ती आता शोरूमची आहे."

"सायकल तुमची. हे आमचं." काका मान वर न करता म्हणाले. "म्हैस इकली तरी दावं देत नसतेत. दावं गेलं की गोठ्याची बरकत गेली. सायकलीला दावं नसतंय. मंग हेच दावं."

गयाबाई खुर्चीतून म्हणाली, "बरं झालं तुमी सासऱ्याकडून मला आणताना असं काय मागं ठिवून घेतलं नाय त्यांनी."

सगळं शोरूम हसलं. कपिल सरांचे डोळे चमकले. "रेकॉर्ड करतोयस ना?" त्यांनी कॅमेरावाल्याला विचारलं. "हे सोनं आहे, सोनं!"

काकांनी नव्या सायकलीचं कचकड्याचं कॅरियर काढून टाकलं आणि जुनं जाड पट्ट्यांचं कॅरियर तिच्यावर चढवलं. त्याचे पाय मागच्या चाकाच्या एक्सलवर बसतात. एक्सल म्हणजे चाकाच्या मधून जाणारी लोखंडी सळई. तिच्या दोन्ही टोकांना नट असतात आणि सगळं वजन शेवटी तिच्यावर येतं. जुन्या रुस्तमचा एक्सल लांब आणि जाड होता. नव्या सायकलीचा आखूड आणि बारीक. कारण त्यावर काही जड चढवायचं नाही, असं धरूनच तो बनवलाय. काकांनी जाड पाय चढवले, नट आवळला. नट बसला, पण एक्सलचं टोक नटाच्या तोंडापर्यंतसुद्धा आलं नाही. नीट बसलेल्या नटाबाहेर एक्सलचे दोन-तीन आटे दिसायला हवेत. इथं आत पोकळ भोक दिसत होतं.

 नुसता नट नाही, आणखी वाईट गोष्ट माझ्या लक्षात आली होती. आमचं ते फुसकं कॅरियर एका अर्थानं राखण करत होतं. जास्त वजन आलं की ते आधी वाकतं, कुरकुरतं, माणसाला सावध करतं. आता जागेवर आलेलं कॅरियर कधीच वाकणार नव्हतं. ते गयाबाईला भक्कम धरून ठेवणार होतं आणि तिचं सगळं वजन गुपचूप त्या बारीक सळईवर टाकणार होतं. वरून भक्कम, खालून पोकळ.

"काका, हा नट पुरता बसला नाही. काकूंना यावर बसवू नका."

"बसलाय की, बाई. रुस्तम हाय."

"शुभांगी," कपिल सर दातांतून बोलले, "कॅमेरा चालू आहे."

सायकल कंपनीच्या टेम्पोत चढली. काका-काकू पुढं बसले. टेम्पो गेला. कपिल सर म्हणाले, "उद्या मेकॅनिक पाठवतो." मेकॅनिक गेला नाही. मी विचारलं तेव्हा कळलं, कुणाला सांगितलंच नव्हतं.

लॅबमध्ये आल्यावर मी जुन्या धर्तीचं तसंच जड कॅरियर मिळवलं, नव्या रुस्तमवर चढवलं, त्यावर एका बाईच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या बांधल्या आणि सायकल ड्रमवर लावली. ड्रम म्हणजे फिरता रूळ. त्यावर लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असतात. चाक त्यांच्यावरून आपटत राहतं आणि महिनोन्महिन्यांचे खड्डे थोडक्या वेळात पार पडतात. मला वाटलं होतं, दिवसभर चालेल. मी चहा घेऊन येईपर्यंत आवाज आला. धाडकन. एक्सल मधोमध तुटला होता. चाक तिरकं होऊन फ्रेमच्या मागच्या चिमट्यात अडकलं होतं आणि वाळूच्या पिशव्या पार भिंतीपाशी जाऊन पडल्या होत्या. एक फुटली होती. फरशीभर वाळू.

मी त्या वाळूकडं बघत राहिले. अजून चहा हातातच होता.

तुटक्या एक्सलचे तुकडे ट्रेमध्ये घालून मी थेट मीटिंगरूममध्ये गेले. कपिल सर तिथं होते आणि प्लांट हेड जोशी साहेब. दोघे मोबाईलवर एक रील बघत होते. लिंबाजी काका कॅरियर सोडवतायत, खाली अक्षरं: 'दावं सोडत नाही. रुस्तम सोडत नाही.'

"शुभांगी, बघितलंस? डीलर फोनवर फोन करतायत," कपिल सर म्हणाले. "लोक जुनी कॅरियर घेऊन शोरूममध्ये येतायत, आम्हालाही बसवून द्या म्हणून!"

मी ट्रे टेबलावर ठेवला. काय झालं ते सांगितलं. वाळूच्या पिशव्या कुठं पडल्या तेही.

कपिल सरांनी तुकडा उचलून पाहिला. मला वाटलं, हादरतील. ते म्हणाले, "म्हणजे कॅरियर गिऱ्हाइकानं स्वतः बदललं. बरोबर? पार्ट बदलला की वॉरंटी संपली. मग आपल्यावर काही येतच नाही."

"सर, मी वॉरंटीचं बोलत नाहीये. त्यावर एक बाई बसते. तिचा अर्धा देह हलत नाही. चाक अडकलं तर तिला हात टेकून सावरतासुद्धा येणार नाही."

"मग बसू नये तिनं. आपण लिहिलंय ना, पंधरा किलो?"

"खालच्या बाजूला! इंग्रजीत! आणि वरच्या बाजूला रुस्तम लिहिलंय, मराठीत, हाताएवढ्या अक्षरांत. तिनं वरचं वाचलं. तिला वरचंच वाचता यावं अशीच सोय केलीय आपण."

"लोक सायकल घेत नाहीत, शुभांगी. लोक आठवण घेतात."

"आठवणीवर बसत नाहीत, सर. कॅरियरवर बसतात."

जोशी साहेबांनी दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले. "ही बाई रोज बसते?"

"आठवड्यातून दोनदा, बिडकीनपर्यंत."

ते उठले. "रील काढा. डीलरना आजच कळवा, कुणीही जड कॅरियर बसवायचं नाही. बसवलेली उतरवा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "विक्री थांबणार नाही. नावही बदलणार नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

"आणि लिंबाजी काकांची जुनी सायकल? ती परत देऊ या."

"ते मार्केटिंगचं," साहेब म्हणाले. कपिल सर मोबाईलमध्ये बघत होते.

मी रजा टाकली आणि स्कूटीवर बिडकीनच्या पुढं निघाले. वस्तीपर्यंत जावं लागलंच नाही. कालव्याच्या पुलाच्या उतारावर ते दोघं समोरून आले. काका सायकल धरून चालत होते आणि गयाबाई कॅरियरवर बसली होती, उजव्या हातानं सीटची दांडी धरून.

मी स्कूटी आडवी घातली. "काका, थांबा! काकूंना खाली घ्या!"

"कामून?" काका दचकले. "काय झालं?"

"अगं बाई, दम तरी घे," गयाबाई म्हणाली. झटक्यानंतर तिचं बोलणं जरा जड झालंय, पण तिखट तसंच. "कोण गेलं?"

तिला काठावरच्या दगडावर बसवलं. मी मागचं चाक बघितलं. चाक तिरकं झालं होतं. नट सरकला होता. रिम एका बाजूच्या ब्रेकला घासून उजळून निघाली होती. आणि काकांना हे माहीत होतं. त्यांनी त्यावर उपायही केला होता. घासतंय म्हणून मागचा ब्रेकच सोडून टाकला होता.

"काका, ब्रेक?"

"जड जात व्हती. आता झ्याक चालती."

उतार होता. मागचा ब्रेक नव्हता. नट दोन-तीन आट्यांवर लटकला होता. वर गयाबाई.  मी पिशवीतून तुटक्या एक्सलचे तुकडे काढले आणि काकांच्या हातावर ठेवले.

त्यांनी उलटसुलट बघितले. "ह्यो आमचा नाय."

"हा लॅबमधला. पण अशाच सायकलीचा. नव्या रुस्तमचा. तुमच्यासारखंच कॅरियर लावलं, काकूंएवढं वजन ठेवलं आणि मोडला."

"रुस्तम म्हणता अन् मोडला म्हणता." काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दोन्ही कसं काय व्हईल? नाव काय खोटं घालत्यात व्हय?"

यावर गयाबाईच हसली. "आवं, आपल्या नातवाला तुमच्या बापाचं नाव ठिवलंय. तुमचा बाप खांद्यावर मेंढा घिऊन वढा वलांडायचा. नातू दप्तर उचलाया रडतंय. नाव ठिवलं की बळ येतंय व्हय?"

काकांनी तुकडे परत माझ्या हातात दिले. मग माझ्याकडं बघून सावकाश म्हणाले, "पर ते नाव आमी घरातल्यांनी ठिवलं. त्यो आमच्याच रक्ताचा हाय. ह्या तुमच्या कंपनीचं रुस्तमशी नातं काय?"

आमचं नातं विकत घेतलेलं होतं, एवढंच.

"काका, यावर काकूंना बसवू नका. मी तुमची जुनी परत आणते."

"अन् तवर हिचा व्यायाम?"

गयाबाईनं डावा हात मांडीवरून जरासा उचलून दाखवला. बोटं थरथरत मिटली आणि उघडली. "एवढं आलंय बघ. लई दिसांनी आलंय. लौकर आण."

वस्तीकडं निघालेल्या एका बैलगाडीत दोघांना सायकलीसकट बसवून दिलं आणि मी तशीच औरंगपुऱ्यातल्या शोरूमवर आले. आत पाऊल टाकलं आणि थांबले.

समोरच्या पांढऱ्या भिंतीतून लिंबाजी काकांची सायकल बाहेर येत होती. म्हणजे तिचं पुढचं अर्धं अंग. हँडल, घंटी, पुढचं चाक, त्यावर लाँचच्या दिवशीचा सुकलेला हार. सीटच्या अलीकडं दोन्ही नळ्या कापून ती भिंतीला ठोकली होती. वरून पिवळा दिवा सोडला होता. खाली पाटी: 'रुस्तम. वारसा पुढे चालू.'

ती धावती सायकल होती. लाँचच्या दिवशी सकाळी गयाबाईला घेऊन बिडकीनपर्यंत आलेली. तिला काही झालेलं नव्हतं. आणि आम्ही तिचे दोन तुकडे केले होते, शोभेसाठी!

शोरूम चालवणारे डीलर अकीलभाई काउंटरमागून उठून आले. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि मान खाली घातली. "मैं तो बोला था मॅडम, जिंदा सायकल है, कायकू काटते. वरून ऑर्डर. डेकोरेटरच कटर घेऊन आला."

"मागचा भाग?"

"भंगारात. सगळ्यांचाच जातो."

"सगळ्यांचा म्हणजे?"

त्यांनी मला मागच्या गोडाऊनमध्ये नेलं. जुनी देऊन नवी सवलतीत घ्यायच्या एक्स्चेंज स्कीममध्ये आलेल्या रुस्तम तिथं ढिगानं पडल्या होत्या. प्रत्येकीची फ्रेम कापलेली. अकीलभाई म्हणाले, स्कीमची अटच आहे. आलेली सायकल परत बाजारात जाऊ नये, म्हणून ताब्यात घेतली की कापायची. नाहीतर लोक जुनीच घेतील ना!

मी एका कापलेल्या नळीच्या कडेवरून बोट फिरवलं. आमच्या नव्या रुस्तमच्या नळीपेक्षा ती कितीतरी जाड होती. लिंबाजी काकांची फ्रेम परत जोडता येईल का, असा विचार केला. जुन्या रुस्तमच्या नळ्या सांध्यांच्या टोप्यांत बसवून पितळेच्या झाळीनं, म्हणजे पितळ वितळवून, जोडलेल्या असतात. आमच्या प्लांटमध्ये ते काम होत नाही. करणारा माणूस नाही, करायची जागा नाही. आमच्या कंपनीत रुस्तम बनते आणि आमच्या कंपनीत रुस्तम जोडता येत नाही! आणि बाहेर कुणाकडून जोडून घेतली तरी गयाबाईला बसवण्याइतका भरवसा मी कसा देणार? भरवसा द्यायचा तर टेस्ट करावी लागते आणि ड्रमवर हाणलेली वस्तू पुन्हा माणसाला द्यायची नसते. लॅबचा पहिला नियम आहे तो.

काकांना फोन करून सांगावं लागलं. 

"कापली?"

"हो, काका."

"मेली असती तर कापायची गोष्ट येगळी. चालती कापली?" आणि त्यांनी फोन ठेवला. माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं.

गयाबाईचा पुढचा व्यायामही चुकला.

मी अकीलभाईंना एकच सांगून ठेवलं होतं. नवी एक्स्चेंज आली की आधी मला फोन. कागद व्हायच्या आधी. फोन आला तेव्हा मी ड्रमपाशी होते. "मॅडम, एक रुस्तम आयी है. एकदम कडक. कटर अभी चलाया नहीं. लवकर या, साहेब घाईत आहेत."

साहेब म्हणजे हर्सूलचे जाधव सर. निवृत्त शिक्षक, पांढरी टोपी, पायात स्पोर्ट्स शूज. त्यांच्या वडिलांची रुस्तम वर्षानुवर्षं पडवीत उभी होती. कॅरियर केव्हाच गंजून गेलेलं, बाकी जशीच्या तशी. सरांना सकाळी तलावाला चक्कर मारायला हलकी सायकल हवी होती.

मी त्यांना सगळं सांगितलं. नव्या रुस्तमबद्दलही, काही न लपवता. अकीलभाई काउंटरमागं घसा खाकरत राहिले.

"म्हणजे नवीन सायकल वाईट आहे?" सरांनी शिक्षकी प्रश्न विचारला.

"वाईट नाही, सर. तलावाला चक्कर मारायला उत्तम आहे. वाईट आहे ते तिच्यावर लिहिलेलं."

"आणि ही दिली तर हिला कापणार?" त्यांनी आपल्या सायकलीच्या सीटवर हात ठेवला. "वडिलांच्या सायकलीला? अहो, मला वाटलं तुम्ही म्युझियम वगैरे करताय!"

"सर, एक बाई आहे," मी म्हणाले आणि गयाबाईचं, सायकलींच्या अदलाबदलीचं सांगितलं. माझं बोलणं पूर्ण होण्याआधीच त्यांनी विचारलं, "कधी येतायत ते?"

टेम्पो करून काका नवी सायकल घेऊन आले, गयाबाईसकट. "मला बघाया नगं का कशावर बसायचं ते?" ती म्हणाली. मी सरांच्या जुन्या रुस्तमची चाकं सोडली, बेअरिंगचे छर्रे बदलले आणि फ्रेमचे सगळे सांधे तपासले. त्याची एक सोपी रीत आहे. लाल रंगाचं द्रव फवारायचं, पुसून टाकायचं, वर पांढरी पावडर उडवायची. तडा असेल तर आत शिरलेला रंग लाल रेघ होऊन वर उमटतो. एकही रेघ उमटली नाही. एक्सल जाड, सरळ, नटाच्या बाहेर भरपूर आटे. काकांनी आपलं कॅरियर त्यावर चढवलं. सरांच्या वाट्याला आलेल्या काकांच्या नव्या सायकलीला मी नवा एक्सल टाकला, ब्रेक जोडला आणि तिचं मूळचं हलकं कॅरियर परत लावलं.

तेवढ्यात कपिल सरांचा फोन. त्यांना कुणीतरी कळवलं होतं. "शुभांगी, हे स्कीममध्ये बसत नाही."

"बरोबर आहे, सर. हे स्कीममध्ये नाहीच. दोन गिऱ्हाइकांनी आपापसात सायकली बदलल्या."

"तू कंपनीची इंजिनिअर आहेस!"

"म्हणूनच नट आवळायला आलेय, सर."

काकांनी गयाबाईला उचलून बसवलं. तिनं इकडं तिकडं हलून बघितलं. मग डावा हात हळूहळू उचलला आणि सीटखालच्या स्प्रिंगवर ठेवला. बोटं मिटायला वेळ लागला. मिटली. "चला," ती म्हणाली, "बिडकीनची येळ चुकंल." तिथून बिडकीनपर्यंत सायकल टेम्पोतच गेली. पुढं वस्तीपर्यंत काका चालत, गयाबाई कॅरियरवर. मी स्कूटीवर मागं मागं गेले. सगळा रस्ता चाकाकडं बघत.

कंपनीत काय झालं, तेही सांगते. रील काढली. मर्यादेचं स्टिकर आता मराठीत आहे आणि कॅरियरच्या वर आहे. अक्षरं मी मागितली होती त्याहून बारीक आहेत. मोठी ब्रँडला शोभत नाहीत म्हणे. नाव अजून रुस्तमच आहे. भिंतीतली अर्धी सायकलही तिथंच आहे. फ्रेम कापायची अट जोशी साहेबांनी काढून टाकली. मला समज मिळाली, तोंडी. त्यात माझ्या आवाजाच्या पट्टीचा उल्लेख होता, एक्सलचा नव्हता.

परवाच्या मीटिंगमध्ये कपिल सरांनी जाहीर केलं की कंपनी आणखी एका जुन्या सायकलीचं नाव विकत घेतेय. टाळ्या पडल्या. मी हात वर केला.

"सर, त्या जुन्या सायकलीवर काय न्यायचे लोक?"

"म्हणजे?"

"दूध, कडबा, माणूस? नाव घ्यायच्या आधी तेवढं विचारून या. मग मला त्या वजनाच्या पिशव्या भरता येतील."

कपिल सर हसले. जोशी साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कोण जाऊन विचारणार?"

मी स्कूटीची चावी काढली.